हेल्मेटखाली टाय

सिडनीच्या मार्क हावा यांनी २०१२ मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ सुरू केली. सूट-टाय चढवून जुन्या ढंगाच्या मोटरसायकली काढायच्या आणि प्रोस्टेट कॅन्सर व पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे उभे करायचे. फेरी मे महिन्यात, आणि अंगात कोट? सोलापूरकर वेड्यातच काढतील! पण ज्यासाठी ही फेरी, तो आजार आपल्याही दाराशी आहे. वैरागच्या पुढे बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद १९८७ पासून ठेवली जाते. ग्रामीण भारतातली अशी ही पहिली नोंदणी.

अशी फेरी इथे थंडीत काढायची, तर सोलापूर-वैराग-बार्शी हा रस्ता साधारण ७० किलोमीटरचा. जथ्याच्या पुढे वाट माहीत असलेला गडी, शेवटी मुरलेला चालक, म्हणजे ‘स्वीप’. पंक्चर किट आणि प्रथमोपचार पेटी त्याच्याकडे. मधले एकाआड एक डावी-उजवीकडे, आपल्याच बाजूच्या पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद मागे. वळणावर मात्र एकेरी रांग. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसतानाही बिनधास्त धावतात, तेव्हा दिवस मावळायच्या आत बार्शी गाठलेली बरी.