नांगर विकणारं मासिक

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि. हेतू सरळ होता: लोखंडी नांगरासारखा कारखान्याचा माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं. लोखंडी नांगराने जमीन नासते, असं तेव्हा कित्येक शेतकऱ्यांना वाटायचं. अशा माणसाला नुसती किंमत सांगून काय होणार? आधी त्याचा विश्वास मिळवायला हवा!

पण शंवाकि मालापाशीच थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. अंकात हळूहळू कथा, लेख, सामाजिक सुधारणेचे विषय आले. नावातली ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिकही निघालं. आणि घराघरांत कारखान्याचं नाव वाचकांच्या आवडीने पोचलं.