घाटात हीटर लावणारा वेडा नसतो

मे महिन्यातली दुपार, कसारा घाट आणि पुढे ट्रकांची रांग. जुन्या मारुती ८०० चा काटा लाल पट्टीकडे सरकतो, तसा चालवणारा चारही खिडक्या उघडतो आणि हीटर पूर्ण लावतो. मागे बसलेल्यांना वाटतं, उन्हानं याचं डोकं फिरलं. काटा मात्र हळूहळू खाली येतो.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये गार होतं. त्याचीच एक छोटी वाट डॅशबोर्डमागच्या हीटरच्या जाळीतून जाते. ही जाळी म्हणजे धाकटा रेडिएटरच. त्यामुळे हीटरचं दुखणं आणि इंजिन तापण्याचं दुखणं बहुतेकदा एकाच पाण्यात असतं. आपल्याकडे हीटरला वर्षभर कोणी हात लावत नाही, म्हणून ही खूण वाचायची राहून जाते.

गैरसमज : हीटर लावला की पेट्रोल जास्त लागतं

ही एसीशी झालेली गल्लत आहे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद ओढतो; हीटर मात्र एरवी वाया जाणारी उष्णताच आत आणतो. जादा खर्च होतो तो ब्लोअरच्या विजेचा, आणि तो नगण्य असतो. घाटातला उपाय चालतो तोही याचमुळे. अर्थात तो तात्पुरताच. काटा उतरत नसेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणं हाच मार्ग.

गैरसमज : थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला हमखास मिळतो. थर्मोस्टॅट ही मेण भरलेली झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागते. ती काढली की इंजिनाला नेमकं तापमान गाठायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते आणि हीटर कोमट हवा फेकतो. काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. अशा इंजिनातून ती काढली, तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

झडप बिघडली आहे का, हे स्वयंपाकघरातही कळतं. पातेल्यात पाणी तापत ठेवून ती दोऱ्यानं सोडायची आणि थर्मामीटर धरायचा. पाणी उकळेपर्यंत उघडली नाही, तर बदलायची.

गैरसमज : कूलंट बर्फाळ प्रदेशासाठी, आपल्याकडे नळाचं पाणी चालतं

कूलंट पाणी गोठू देत नाही हे खरं, पण आपल्याला त्याचे दुसरे दोन गुण हवे असतात. ते गंज रोखतं आणि उत्कलनबिंदू वाढवतं. मारुती ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार धरतात, गंज सुटतो आणि हा गाळ आधी हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्म, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. निव्वळ कूलंट भरणंही चूकच. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंगावरही भिस्त ठेवू नये. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी दिलेले रंग आहेत. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधक गुण कमी होतो, कधी गाळही धरतो.

गैरसमज : झाकण म्हणजे नुसतं झाकण

रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. ०.९ बारचं झाकण असेल, तर समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचं रबर चिरलं की दाब राहत नाही. मग साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्यावर जेमतेम काही अंशांत. जुन्या गाडीत पाचशे रुपयांचा खर्च करण्याआधी हे झाकण बघावं.

तापलेल्या गाडीचं झाकण मात्र उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिन हाताला सोसेल इतकं गार होऊ द्यावं, त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं, तर हेडला तडा जाऊ शकतो.

गैरसमज : तापली म्हणजे रेडिएटर चोक

कधी तापते, हे आधी पाहावं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा. मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवावी. तिचा पंखा पट्ट्यानं इंजिनाला जोडलेला, त्यामुळे सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखाही मंद. तिथे सैल पट्टा पुरेसा त्रास देई. मारुती ८०० ला विजेचा पंखा; तिथे फ्यूज, स्विच आणि मोटर तपासावी. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेताना किंवा लांब चढावर तापत असेल, तर चोक झालेला रेडिएटर किंवा थकलेला वॉटर पंप.

गैरसमज : काटा खाली, म्हणजे काळजी नाही

पाणी फारच कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर राहतो आणि काटा खोटं सांगू शकतो. इंजिन भाजत असताना हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली, तर पाणी संपलंय किंवा हवा अडकली आहे असं समजून थांबावं. ‘जुन्या गाडीचं पाणी उडतंच’ हेही खरं नाही. बंद यंत्रणेतून पाणी रोज कमी होत असेल, तर ते कुठेतरी जातंय. पायाखालची चटई ओली आणि गोडसर वास म्हणजे हीटरची जाळी गळतेय. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, किंवा ऑइल दुधाळ, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेली.

हीटरची जाळी गळू लागली की कित्येक गॅरेजवाले दोन्ही पाइप एकमेकांना जोडून तिला वगळूनच टाकतात. गळती थांबते, गाडी चालते. जुलै उजाडतो, एसी नसलेल्या त्या गाडीच्या काचेवर आतून वाफ धरते, आणि आंबोली घाटात शेजारी बसलेल्याच्या हातात काच पुसायचं फडकं येतं.