जॉन हलची टांकसाळ

1635 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळाने एक हुकूम काढला. बंदुकीची गोळी यापुढे एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, या किमतीला चलनात धरावी. मात्र एका वेळी बारा पेन्सांहून जास्त गोळ्या घेण्याची सक्ती कुणावर करू नये. शिशाच्या गोळीला पैशाचा मान देणारे हे लोक दरिद्री नव्हते. समुद्रात कॉड मासा मुबलक होता, जंगलात जहाजाच्या डोलकाठीला साजेसे सरळसोट पाइन वृक्ष होते, बीव्हरच्या कातड्याला युरोपात मागणी होती. कमी होते ते नाणे. इंग्लंडहून येणारी कुटुंबे थोडीफार चांदी बरोबर आणत, पण खिळे, कापड, भांडी, बंदुका असे सगळेच इंग्लंडहून विकत घ्यावे लागे. आलेली चांदी पुढच्याच जहाजाने परत जाई. मागे उरे तो मका, आणि स्थानिक मूळ रहिवाशांकडून आलेले शिंपल्यांचे मणी, ज्यांना वॅम्पम म्हणत. सरकारने 1637 साली या मण्यांनाही लहान देवघेवीसाठी कायदेशीर चलन ठरवले. कर धान्यात आणि गुराढोरांत भरले जात.

त्याच 1635 साली दहा वर्षांचा जॉन हल आईवडिलांबरोबर तिथल्या बॉस्टनला उतरला. जन्म इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा, मार्केट हारबरो गावचा. वडील रॉबर्ट लोहार होते. मुलाला काही काळ शाळेत घातले, मग मक्याच्या लागवडीसाठी शाळेतून काढले आणि पुढची काही वर्षे तो शेतात राबला. त्यानंतर सावत्र भाऊ रिचर्ड स्टोरर याच्या हाताखाली तो सोनारकाम शिकला. 1647 मध्ये ज्युडिथ क्विन्सीशी त्याचे लग्न झाले, ते गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांनी लावले. लोहाराच्या पोराचे लग्न गव्हर्नराने लावावे, याचे त्या गावात फारसे अप्रूप नव्हते. प्युरिटन लोक लग्नाला धर्मविधी मानत नसत, दिवाणी करार मानत, म्हणून ते पाद्र्याऐवजी अधिकारी लावत. शिवाय बॉस्टन तेव्हा इतके लहान होते की सगळे सगळ्यांना ओळखत.

हलला टांकसाळीकडे नेणारे कारण हजारो मैल दूर घडत होते. न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींची, जहाजे वेस्ट इंडीज बेटांवर खारवलेला मासा, लाकूड आणि घोडे नेत. तेथे मळ्यांवर ऊस होता आणि तो पिकवणारे गुलाम होते. त्या गुलामांच्या पोटात घालायला स्वस्त मासा लागे. बदल्यात साखर, काकवी आणि स्पॅनिश रियाल मिळत. हे रियाल मेक्सिकोच्या आणि पेरूकडच्या टांकसाळींतले. 1640 च्या दशकात त्यांतल्या पोतोसीच्या टांकसाळीत मोठी अफरातफर झाली आणि हिणकस चांदीची नाणी जगभर पसरली. बॉस्टनच्या पेढीवर रियाल आला की त्यात चांदी किती, हे सोनाराशिवाय कुणालाच सांगता येईना. व्यापार वाढत होता आणि हातातल्या पैशावरचा विश्वास उडत होता.

म्हणून मे 1652 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने स्वतःची टांकसाळ काढायचे ठरवले आणि 27 वर्षांच्या हलला टांकसाळीचा प्रमुख नेमले. हलने भागीदार म्हणून रॉबर्ट सँडरसनला बोलावले. सँडरसन वयाने मोठा आणि लंडनमध्ये रीतसर शिकलेला कारागीर होता. हातातले कसब त्याचे, हिशेब आणि ओळखीपाळखी हलच्या. हलच्याच जागेवर एक लाकडी घर उभे राहिले. लांबीरुंदीला 16 फूट, उंचीला 10 फूट. संपूर्ण वसाहतीचा पैसा तेथे घडणार होता.

कामाची पद्धत सोपी आणि कडक होती. कुणीही आपली चांदी घेऊन यावे, मग ती जुनी भांडी असोत, मोडके दागिने असोत की संशयाचे रियाल. ती वितळवून, कस लावून, इंग्लंडच्या स्टर्लिंग दर्जाला आणायची, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध. मग पत्रा, मग चकत्या, मग वजन, मग ठसा. शिलिंगचे वजन ठरले 72 ग्रेन, म्हणजे सुमारे 4.67 ग्रॅम. इंग्लंडचा शिलिंग जवळपास 6 ग्रॅमचा. हा फरक जाणूनबुजून ठेवलेला होता. कस तोच आणि वजन साडेबावीस टक्के कमी, म्हणजे हे नाणे इंग्लंडला नेले तर तोटा आणि बॉस्टनमध्ये खर्चले तर पूर्ण किंमत. चांदी घरात टिकवायची याहून शहाणी युक्ती मला सुचत नाही. तरीही नाणी बाहेर जातच राहिली, तेव्हा 1654 साली 20 शिलिंगांहून जास्त नाणी वसाहतीबाहेर नेण्यावर बंदी आली आणि जहाजे तपासायला माणसे नेमली गेली.

पहिली नाणी अगदी उघडी होती. एका बाजूला न्यू इंग्लंडची दोन आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूला किंमत रोमन आकड्यांत, बाकी सगळी गुळगुळीत चांदी. कडा कातरणाऱ्यांना हे आमंत्रणच होते; चांदीची किनार काढून घेतली तरी नाण्यावर काहीच खूण उरत नसे. काही महिन्यांतच, ऑक्टोबर 1652 मध्ये, विधिमंडळाने नवा ठसा ठरवला. दोन्ही बाजूंना मणीदार दुहेरी कडे, त्यात अक्षरे आणि मधोमध एक झाड. अभ्यासक ओळीने विलो, ओक आणि पाइन अशी तीन झाडे ओळखतात. विलोवाल्या नाण्यांवर छाप वारंवार दुहेरी उमटलेला दिसतो. पाइनवाली नाणी सर्वांत सुबक आहेत. 1675 च्या सुमारास रुंद पातळ चकतीऐवजी लहान जाड चकती आली.

या सगळ्या नाण्यांवर साल एकच, 1652. टांकसाळ तीस वर्षे चालली आणि 1662 च्या दोन पेन्सांच्या नाण्याखेरीज एकावरही दुसरे साल आले नाही. याचा एक चलाख अर्थ नेहमी सांगितला जातो. 1652 मध्ये इंग्लंडला राजाच नव्हता. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होऊन तीन वर्षे झाली होती आणि सत्ता पार्लमेंटकडे होती. पुढे राजा परतल्यावर कोणी विचारले तर म्हणता यावे की ही नाणी तेव्हाची आहेत. मला हा अर्थ अर्धाच पटतो. कायदा 1652 चा होता, आणि सोनाराच्या दृष्टीने ठशावरचे साल हे त्या कायद्याचे साल असणे स्वाभाविक आहे. पण 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर बसल्यावरही ते बदलू नये, यात मात्र व्यापाऱ्याची सावधगिरी नक्की दिसते.

नाणे पाडणे हा राजाचा हक्क, हे त्या काळात कुणाला सांगावे लागत नसे. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाबरोबर होन आणि शिवराई पाडली, ती स्वतंत्र सत्तेची उघड ग्वाही होती. त्याच दशकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत टांकसाळ उभारली आणि 1676 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सनद देऊन तिला रीतसर मान्यता दिली. म्हणजे ज्या राजाने मुंबईच्या टांकसाळीवर मोहोर उठवली, त्याच राजाला बॉस्टनची टांकसाळ खुपत होती. फरक परवानगीचा होता: कंपनीने ती मागितली, बॉस्टनने ती न मागताच नाणी पाडायला सुरुवात केली. 1665 मध्ये राजाच्या आयुक्तांनी टांकसाळ बंद करण्याची मागणी केली. वसाहतीने नकार दिला नाही आणि टांकसाळही बंद केली नाही. राजाच्या आरमाराला डोलकाठीसाठी प्रचंड ओंडके पाठवले. 1677 मध्ये तर विधिमंडळाने राजाला भेट धाडली: क्रॅनबेरीची दहा पिंपे, भरडलेल्या मक्याची दोन मोठी पिंपे आणि तीन हजार कॉड मासे. एक कथाही चालत आली आहे. सर टॉमस टेंपल यांनी राजाला हे नाणे दाखवले आणि त्यावरचे झाड म्हणजे पराभवानंतर राजा ज्यात लपला तो ओक आहे असे सांगून त्याला खूश केले. कथा खरी असो वा नसो, ती बॉस्टनच्या वागण्याला शोभते.

हल मात्र बंडखोर नव्हता, आणि त्याच्याविषयी मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. त्याने टांकसाळ चालवली ती बाजाराला खात्रीचे नाणे हवे होते म्हणून. त्यातून एक छोटे राज्य उभे राहत आहे, असा आव त्याने कधी आणला नाही. दर 20 शिलिंगांमागे सुमारे 15 पेन्स हा त्याचा आणि सँडरसनचा मेहनताना. हा दर फार आहे असे सरकारला लवकरच कळून चुकले. पुनःपुन्हा समित्या बसल्या, कमी करा म्हणाल्या, आणि हलने करारावर बोट ठेवले. शेवटी 1667 मध्ये तडजोड झाली: झाल्या काळाबद्दल 40 पौंड आणि पुढे दर वर्षी 10 पौंड सरकारला द्यायचे. मिळालेला पैसा त्याने जहाजांत, मालात आणि जमिनीत घातला. सध्याच्या ऱ्होड आयलंडमधल्या पेटाक्वामस्कट भागातली मोठी जमीन त्याने भागीदारीत घेतली आणि तेथे घोडे पाळले. समुद्रात घुसलेल्या तिथल्या भूशिराला पॉइंट ज्युडिथ म्हणतात, ते त्याच्या बायकोच्या नावावरून असे मानले जाते. त्याचे घोडे परस्पर विकू पाहणाऱ्या एका कर्जदाराला त्याने लिहिलेले पत्र मला फार आवडते. घोडे देवाच्या कृपेने माझे आहेत, असे बजावून तो पुढे म्हणतो की माझ्या येण्याला चांगले तारण दे, मग चोरायची वेळ येऊ नये म्हणून मीच तुला काही घोडे देईन. राग आणि हिशेब एकाच दमात.

गावकीतही तो लवकर शिरला. बॉस्टनचा कारभार दरवर्षी निवडलेले सिलेक्टमन पाहत. साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखे काम: रस्ते, कुंपणे, मोकाट डुकरे, आगीला कारण होणारी धुराडी, निराधारांची सोय. हल 1657 पासून अनेक वर्षे त्यांत होता, गावाचा खजिनदारही झाला. विधिमंडळात तो वेनहॅम, वेस्टफील्ड, सॉल्सबरी अशा लांबच्या गावांचा प्रतिनिधी म्हणून बसला. आपल्या गावाला परवडणारा माणूस मिळाला नाही की लोक बॉस्टनचा एखादा भरवशाचा व्यापारी निवडत. पुढे तो गव्हर्नरच्या सल्लागारांपैकी एक झाला, नागरी सैन्यात कॅप्टन झाला. 1669 मध्ये बॉस्टनचे तिसरे चर्च उभारणाऱ्यांत तो होता.

त्याने दोन प्रकारच्या नोंदी ठेवल्या, एक सार्वजनिक घटनांच्या आणि एक स्वतःवर झालेल्या देवाच्या कृपेच्या. जहाज बुडाले, आग लागली, धूमकेतू दिसला, मूल दगावले, सगळे तेथे आहे. त्याची मुले एकामागून एक तान्हेपणीच गेली. जगली ती एकटी हॅना. नुकसान झाले की तो ते देवाच्या हातचे मानून सोसतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या जहाजाच्या कप्तानाला काटेकोर सूचना लिहितो.

1675 मध्ये मेटाकॉमच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांनी शस्त्र उचलले. मेटाकॉमला इंग्रज फिलिप म्हणत, म्हणून त्यांच्या लेखी हे किंग फिलिपचे युद्ध. वसाहतीची तिजोरी रिकामी होती. युद्धाच्या पैशाचा कारभार हलकडे आला. 1676 ते 1680 तो वसाहतीचा खजिनदार होता. सैनिकांचे पगार, बूट, बिस्किटे, बंदुकीची दारू, सारे त्याच्या वहीत चढले आणि पुष्कळदा त्याच्या पदरमोडीतून भागले. या वह्या टिकल्या आहेत. कोणत्या गावचा कोणता शिपाई कुठल्या तुकडीत होता, हे आज त्यांच्यावरूनच कळते. त्याच वह्यांत 1676 च्या नोंदींत युद्धात पकडलेल्या मूळ रहिवाशांच्या विक्रीचे हिशेब आहेत. बायका, पोरे, पुरुष, घेणाऱ्याचे नाव, मिळालेली रक्कम. अनेक कैदी तर समुद्रापार गुलामीत धाडले गेले. बुटांच्या जोडांचा हिशेब ज्या नीटसपणाने लिहिला आहे, त्याच नीटसपणाने हा. हलला थोर म्हणणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. वजनात एका ग्रेनची चूक न खपवणारा हा माणूस, आणि माणसांच्या या जमाखर्चात त्याला काही चुकल्याचे वाटल्याची खूण सापडत नाही.

टांकसाळीचा शेवटचा करार 1675 मध्ये सात वर्षांसाठी झाला होता. तो 1682 मध्ये संपला आणि पुन्हा झाला नाही. लंडनमध्ये तक्रारींचे दफ्तर फुगले होते, वसाहतीला राजाकडून मिळालेली सनदच धोक्यात होती. 1 ऑक्टोबर 1683 रोजी हल वारला, मृत्युपत्र न करता. पुढच्याच वर्षी सनद रद्द झाली. सरकारकडून त्याचे पैसे येणे होते, आणि ते मिळवायला घरच्यांना अर्ज करावे लागले. टांकसाळ पुन्हा सुरू करावी असा प्रस्ताव लंडनपर्यंत गेला आणि तेथेच निकालात निघाला. 1690 मध्ये क्वेबेकवरची मोहीम फसली, शिपाई पगार मागू लागले आणि तिजोरीत नाणे नव्हते. तेव्हा मॅसॅच्युसेट्सने कागदी नोटा काढल्या. पाश्चात्त्य जगात सरकारने काढलेल्या पहिल्या नोटा त्या याच.

हॅनाचे लग्न 1676 मध्ये सॅम्युएल सीवॉल या तरुणाशी झाले. कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्नने मुलांसाठी लिहिलेल्या 1841 च्या पुस्तकात ही गोष्ट रंगवली: हलने नवऱ्या मुलीला तराजूच्या एका पारड्यात बसवले, दुसऱ्यात पाइनचे शिलिंग ओतले आणि तिच्या भाराइतकी चांदी जावयाला दिली. खरा हुंडा 500 पौंडांचा होता. त्याचे 10,000 शिलिंग होतात, आणि त्यांचे वजन भरते सुमारे 47 किलो, अठरा वर्षांच्या मुलीला शोभेल असे. गोष्ट कशी जन्मली असेल ते यावरून कळते. प्रत्यक्षात रक्कम हप्त्यांनी पोचती झाली आणि वहीत लिहिली गेली.

सासऱ्याची जमीन, जहाजे आणि वह्या सीवॉलकडे आल्या. तोही व्यापारी, शिवाय न्यायाधीश. 1692 मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत त्याने निरपराध माणसांना फाशी देणाऱ्या न्यायासनावर बसून भाग घेतला. 1697 मध्ये, सासऱ्याने उभारलेल्या त्याच तिसऱ्या चर्चमध्ये, भर सभेत उभे राहून त्याने त्या निवाड्यांतल्या आपल्या वाट्याची जबाबदारी घेतली. पाद्री त्याचा कबुलीजबाब वाचत असताना तो सगळ्यांसमोर उभा होता. आणि 1700 मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका छापली. बायबलमधल्या जोसेफला भावांनी विकल्याच्या कथेवरून तिचे नाव ठेवले होते, आणि माणसाला विकत घेणे व विकणे हे पाप आहे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. न्यू इंग्लंडमध्ये गुलामीविरुद्ध छापून निघालेल्या अगदी पहिल्या लिखाणांपैकी ते एक. हलच्या संपत्तीवर उभ्या राहिलेल्या घरातूनच ते बाहेर पडले.