अर्धा आवाज स्पीकरचा, अर्धा खोलीचा!

होम थिएटर घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचं?" दुकानदारही वॅटच सांगतो. पण तो सेट ज्या खोलीत वाजणार आहे तिच्याबद्दल ना आपण विचारतो, ना तो. खरं तर कानावर येणाऱ्या आवाजाचा बराचसा भाग स्पीकरमधून सरळ येतच नाही. तो भिंती, छत आणि फरशीवर आपटून, थोडा उशिरा येतो. हा उशिरा आलेला आवाज पुढच्या शब्दावर चढला की डायलॉगची खिचडी होते.

आमच्या घरचंच उदाहरण देतो. कारंज्याचं जुनं घर जाड मातीच्या भिंतींचं होतं. बैठकीत गाद्या, कोपऱ्यात धान्याची पोती. टीव्ही साधाच होता, पण बातम्यांचा शब्द न् शब्द कळायचा. मग स्लॅबचं नवीन घर झालं. गुळगुळीत टाईल्स, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि ५.१ चा सेट आला. तेव्हापासून बाबा प्रत्येक डायलॉगनंतर विचारायचे, "काय म्हणला तो?" ते आवाज वाढवायचे, आईचं डोकं दुखायचं. शेवटी बाबांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. 'आता ऐकू कमी येतं त्यांना' असं नातेवाईकांनी ठरवूनही टाकलं! तपासणी केली तर कान वयाच्या मानाने ठीक निघाले. दोष हॉलचा होता.

या दोषाचं गणित सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडलेलं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कोणाला समजेना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्याने जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि एकेक वाढवत आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. त्यातून सूत्र निघालं: घुमण्याचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. मापं मीटरमध्ये घ्यायची. उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

आता होस्टेलची खोली घेऊ. १२ बाय १० फूट, उंची १० फूट. घनफळ साधारण ३४ घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ६३ चौरस मीटर. सिमेंटचं प्लास्टर जेमतेम ३ टक्के आवाज शोषतं, म्हणजे एकूण शोषण १.९. उत्तर येतं जवळजवळ तीन सेकंद! त्यात तीन गाद्या आणि तीन मुलं आली की ते एक सेकंदाच्या आसपास उतरतं. सिनेमासाठी ते अर्ध्या सेकंदाच्या आत हवं.

उपाय आपल्या भागातच पिकतो: कापूस. लाकडी चौकटीत चार इंच जाड कापसाची गादी, वर सुती कापड, आणि भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर. लावायची कुठे? आपण नेहमीच्या जागी बसायचं आणि मित्राने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा. फक्त स्विचबोर्डपासून लांब, कापूस पेट घेतो! अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची फॅशन मात्र सोडा, पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही.

गादी बासचं काही बिघडवू शकत नाही, कारण १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते. त्यातून १० फूट रुंदीत ५७ हर्ट्झचा सूर अडकतो आणि १० फूट उंचीतही तोच. दोन्ही मिळून 'बूम' होतं. म्हणून सब-वूफर कोपऱ्यात कोंबू नका. तो आपल्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. हसतील लोक, हसू द्या! जिथे बास सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे सब-वूफर ठेवा.

आता सेटिंग. पुढचे दोन स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण, उंची कानाइतकी. सराउंड स्पीकर बाजूला पण किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ११० अंशांवर. सेंटर स्पीकर शोकेसच्या आत न ढकलता कडेला आणून तोंड कानाकडे, कारण बहुतेक डायलॉग त्यातूनच येतात. मेनूमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. एक मीटरची चूक म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंदांचा फरक. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, स्पीकर अगदी छोटे असतील तर १२० च्या पुढे. टेस्ट टोन लावून सगळ्यांचा आवाज सारखा करा आणि मग सेंटर दोन-तीन डेसिबल वर. आमच्या घरी पडदा, सतरंजी आणि एवढंच केलं. आता बाबा आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवतात, आणि आई शेजारी बसते.

एक गोष्ट होस्टेलवाल्यांसाठी. गादी खोलीतलं घुमणं कमी करते, शेजारच्या खोलीत जाणारा आवाज अडवत नाही. त्याला जड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. बास तर भिंतीतूनही जातो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ हा काळ शांततेचा धरतात, आणि पलीकडे कोणाचा तरी उद्या पेपर असतोच. खोली सुधारली की कमी आवाजातही सगळं कळतं, हाच तर फायदा.

रेक्टर सरांना एक विनंती: आपल्या टीव्ही हॉलमध्ये मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवून बघावी. झणझणीत उत्तर आलं, तर नवीन स्पीकरच्या आधी पडद्यांचं बजेट मंजूर करावं. शिवायला आणि मोजमापाला आमची बॅच तयार आहे!