शाळेची वाट आणि राहण्याचें घर

(नभोवाणीवरील भाषण)

घर पहावयास निघालेला मनुष्य काय काय विचारतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पाणी किती वेळ येतें, भाडें किंवा हप्ता झेपेल काय, कचेरीस जाण्यास आगगाडी किंवा मेट्रो जवळ आहे काय, शेजार कसा आहे, हे प्रश्न सारेच विचारतात. घरांत पांच-सहा वर्षांचें मूल असल्यास "शाळा जवळ आहे ना?" हाही प्रश्न निघतो; परंतु तो बहुधा शेवटीं निघतो, आणि दलालानें "ही काय, पंधरा मिनिटांवर!" असें म्हटलें कीं विचारणाऱ्याचें समाधान होतें. हीं पंधरा मिनिटें कोणाचीं, कोणत्या वेळचीं आणि कोणत्या वाहनाचीं, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. मला आज एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरानें हा शेवटचा प्रश्न पहिला करावा, आणि त्याचें उत्तर नकाशावर न शोधतां मुलाच्या पावलांनीं मोजून काढावें.

एके काळीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं, नूतन मराठी विद्यालय १८८३ सालीं आणि हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ सालीं निघाली. विद्यार्थी राहत ते आसपासच्या पेठांतून. चार गल्ल्या ओलांडल्या कीं शाळा आली. मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकूं लागली तशा तिच्या मागोमाग शाळाही गेल्या. पार्ल्यास १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय निघालें, शिवाजी पार्कास १९४० सालीं बालमोहन विद्यामंदिर. पुढें शहरें शाळांपेक्षां अधिक वेगानें पसरलीं. पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकांठचीं घरें गेलीं आणि अनेक कुटुंबें नव्या वसाहतींत गेलीं; त्यानंतरच्या दशकांत कोथरुडासारखीं उपनगरें वाढलीं. घर नदीपार गेलें, पण कित्येकांचें मन पेठेंतल्या शाळेंतच राहिलें. तेव्हांपासून शाळेची वाट लांबत गेली ती आजतागायत.

जपानांत सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून नेमून दिली जाते, आणि मुलें गटागटानें पायीं शाळेस जातात. आपल्या शहरांतील मध्यमवर्गांत पत्ता आणि शाळा यांची अशी गांठ नाहीं. आपण माध्यम पाहतों, अभ्यासक्रम पाहतों, फी पाहतों, नांवलौकिक पाहतों आणि शाळा निवडतों. हें स्वातंत्र्य मोलाचें आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याचें मोल रोज रस्त्यावर मोजावें लागतें. तें किती, याचा एकदां हिशेब करून पाहूं.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं वर्षास किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकविणें ठरवून दिलें आहे. समजा, एका घरापासून शाळा दहा मिनिटांवर आहे आणि दुसऱ्या घरापासून चाळीस मिनिटांवर. एका खेपेस फरक तीस मिनिटांचा. जाऊन-येऊन एक तास. २०० दिवसांचे २०० तास. म्हणजे वर्षभरांत जेवढें शिकावयाचें, त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका वेळ मुलानें केवळ अधिकच्या वाटेवर घालवावयाचा! हा वेळ येतो कोठून? तो झोपेंतून येतो, नाहीं तर खेळण्यांतून येतो. तिसरी जागा मुलापाशीं नसते.

सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाचा हिशेब याहून जड आहे. मुलाच्या दोन खेपा, तर त्याच्या चार. सोडून परत यावयाचें आणि पुन्हां आणावयास जावयाचें. रोजचे दोन तास अधिक, म्हणजे वर्षाचे ४०० तास. कामाचा दिवस आठ तासांचा धरिला तर हे ५० दिवस होतात. चौथीपर्यंतच्या चार वर्षांत २०० दिवस. बहुतेक घरांत हे दिवस आईच्या खात्यांतून वळते होतात. एकाद्या बाईनें चांगली चाललेली नोकरी सोडली तर "मुलांकडे पहावयास" सोडली असें आपण म्हणतों. कारण नीट उलगडून पाहिलें तर त्यांत मुलांपेक्षां ह्या चार खेपाच अधिक असतात, आणि त्या खेपा घर निवडलें त्याच दिवशीं ठरून गेलेल्या असतात.

नगररचनाकारांना ही गोष्ट पूर्वींच दिसली होती. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन गृहस्थानें १९२९ सालीं शेजारवस्तीची एक कल्पना मांडली. तींत वस्तीच्या मध्यावर प्राथमिक शाळा, तिच्यापासून घरें सुमारें पाव मैलाच्या आंत, आणि मोठे रहदारीचे रस्ते वस्तीच्या कडेनें, अशी योजना होती. हेतु हा कीं, मोठा रस्ता न ओलांडतां मुलानें शाळेस पोंचावें. आपल्याकडे चंदीगडचा सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब आंखला गेला, आणि दैनंदिन गरजांबरोबर शाळाही त्याच्या पोटांतच ठेवली गेली. आपल्या शिक्षणहक्काच्या नियमांतही पांचवीपर्यंत १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीस ३ किलोमीटर हें शेजारच्या शाळेचें अंतर धरिलें आहे. खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशांतही घर व शाळा यांमधील अंतर पाहिलें जातें. तेव्हां पांचवीपर्यंत एक किलोमीटर, हें माप घर शोधणाऱ्यानेंही डोळ्यांपुढें ठेवण्यास हरकत नाहीं.

पण केवळ माप पुरेसें नाहीं. वाट पारखावी लागते. रविवारीं सकाळीं मोटारींतून पाहिलेलें अंतर हें अंतरच नव्हे. शाळा भरण्याच्या वेळीं, कामाच्या दिवशीं, आणि जमल्यास पावसांत, ती वाट मुलाचा हात धरून चालावी. मोठा मनुष्य एक किलोमीटर बारा मिनिटांत जातो. पाठीवर दप्तर असलेलें सहा वर्षांचें मूल त्यास वीस मिनिटें लावतें, आणि वाटेंत मांजर दिसल्यास पंचवीस!

चालतांना ओलांडण्याच्या जागा मोजाव्या. येणारें वाहन किती वेगानें येत आहे, याचा भरंवशाचा अंदाज नऊ-दहा वर्षांखालील मुलांस बहुधा करतां येत नाहीं. म्हणून हमरस्त्यापलीकडील तीनशें मीटरांपेक्षां गल्ल्यांतून जाणारें सातशें मीटर अंतर कमी समजावें. मुंबईंत तर रुळांच्या पूर्वेस घर आणि पश्चिमेस शाळा असली, तर नकाशावर हाकेच्या अंतरावरची शाळाही पुलाच्या गर्दीमुळें दूर जाते.

त्यानंतर वेळापत्रक पहावें. आपल्या पुष्कळ शाळा दोन सत्रांत भरतात. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असें ठरविलें. निर्णय हिताचाच, परंतु थोरली सातच्या शाळेंत आणि धाकटा नऊच्या, अशा घरांत खेपा चारांच्या आठ होतात. तसेंच शाळा कितवीपर्यंत आहे हें विचारावें. चौथीनंतर इमारत बदलणार असेल, तर घर दोन्ही इमारतींच्या हिशेबानें पहावें.

शाळेची बस हा उपाय खरा, पण तो अर्धा उपाय आहे. महाराष्ट्रांत शाळेच्या बसगाड्यांसाठीं २०११ सालीं स्वतंत्र नियम झाले, आणि शाळाशाळांतून परिवहन समित्या नेमण्याची तरतूद झाली. त्यामुळें सुरक्षिततेविषयीं विचारण्यास जागा आहे, आणि पालकांनीं तें अवश्य विचारावें. परंतु बस गल्लीगल्लींतून वळसे घेत जाते. शाळा किती दूर आहे, हें न विचारतां आपलें मूल बसमध्यें कितवें चढणार आणि कितवें उतरणार, हें विचारावें. खरें अंतर तेथें कळतें. शिवाय दुपारीं ताप भरला म्हणून शाळेंतून निरोप आला, तर तेव्हां बस नसते. त्या वेळीं अर्ध्या तासांत कोण पोंचेल? आजी-आजोबा, शेजारची मैत्रीण, कोणाचें तरी नांव सांगतां आलें पाहिजे. तें सांगतां येत नसेल तर घर स्वस्त असूनही महाग आहे.

कोणी म्हणतील, "चांगली शाळा दूर असेल तर काय जवळची सामान्य शाळा पत्करावी?" तसें मी म्हणत नाहीं. बहिऱ्या मुलास शिकविणारी शाळा, हव्या त्या माध्यमाची शाळा, अशी खरी गरज असेल तर शाळाच प्रमाण मानावी. मात्र मग घरानें शाळेकडे जावें. मालकीचें घर तीस वर्षांचें असतें. हात धरून चालण्याची वाट सहा-सात वर्षांची. तेवढ्या काळापुरतें स्वतःचें घर भाड्यानें देऊन शाळेजवळ भाड्यानें राहणें हा मार्ग पुष्कळांस खुला असतो. दोन भाड्यांमधील फरक फार वाटला तर त्यांतून बसची फी आणि रिक्षाचे पैसे वजा करावे, आणि उरलेल्या रकमेसमोर ते ४०० तास लिहून पहावे. हिशेब पुष्कळदां उलटा निघतो. ज्यांस हेंही परवडत नाहीं, त्यांनीं शेजारच्या दोन-तीन कुटुंबांबरोबर खेपा वांटून घ्याव्या. चार घरांचीं मुलें एकत्र जाऊं लागलीं कीं प्रत्येक घराच्या वांट्यास चौथा हिस्साच येतो.

राहतां राहिला कचेरीचा प्रश्न. कचेरी एकीकडे, शाळा दुसरीकडे, घर कोठें घ्यावें? माझ्या मतें, दोन अंतरें वांटावयाचीं असतील तर लांबचें अंतर मोठ्या माणसानें घ्यावें. तो एकटा गाडींत चढूं शकतो, उभ्यानें वर्तमानपत्र वाचूं शकतो. मुलास तें शक्य नाहीं. मात्र आईबाप दोघेही दूर आणि दुपारीं जवळ कोणीच नाहीं, असें होऊं देऊं नये.

जवळच्या शाळेचा एक लाभ वेळेच्या हिशेबांत येत नाहीं. रोज पायीं जाणाऱ्या मुलास वाटेवरचा वाणी ओळखतो, शिंपी ओळखतो, वर्गांतला मित्र संध्याकाळीं हाक मारावयास येतो; आणि दहाव्या वर्षीं तें आपलें आपण शाळेस जाऊं लागतें. त्या दिवसापासून आईचे ते तास तिला परत मिळतात. तेव्हां पुढच्या खेपेस घर पहावयास जाल, तर मुलास बरोबर न्या, आणि घराचें दार उघडून पाहण्यापूर्वीं त्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकदां चालून या.