देवगिरी : ज्वालामुखीविना लाव्हा

देवगिरीचा किल्ला विझलेल्या ज्वालामुखीवर आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत किल्ल्याचा माथा म्हणजे थेट ज्वालामुखीचे तोंड असते. डोंगर शंकूसारखा, दगड काळा, शंका येणारच. पण उत्तर ‘नाही’ असेच आहे.

दगड मात्र लाव्ह्याचाच. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये तो जमिनीतल्या लांबलचक भेगांतून बाहेर पडला. अशा थिजून बुजलेल्या भेगा आजही धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारख्या उभ्या दिसतात.

मग वाटेत न थिजता लाव्हा या भेगांपासून इतका दूर पोचला कसा? याचा धागा हवाईत सापडला. तिथल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या १९९०च्या उद्रेकात भूवैज्ञानिक केन हॉन आणि सहकाऱ्यांनी पाहिले की लाव्ह्याचा थर आधी जेमतेम वीतभर जाडीचा पसरतो. वर साय धरते, आत लाव्हा वाहता राहतो आणि ती साय उचलली जाते. तव्यावर भाकरी फुगते तशी! फरक इतकाच, की भाकरीत वाफ असते आणि टोचली की ती बसते. लाव्हा फुगलेल्या अवस्थेतच दगड होतो. वरचे कवच ऊब धरून ठेवते, म्हणून आतला लाव्हा दूरवर जातो. बुडबुडे वर अडकतात, त्यामुळे थराचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट. विहीर खणणाऱ्याला हे पुस्तकाविना कळते: मधला काळा पाषाण लागला की सुरुंग आणि खर्च.

असे थर एकावर एक साचले. पुढे पावसाने, ओढ्यांनी आजूबाजूचे खाल्ले. उरला तो देवगिरी. खालचा उभा कडा तर माणसांनी छिन्नीने तासलेला. तेव्हा या आकाराचे निम्मे श्रेय पाथरवटांना द्यायला हवे, आणि चित्रफितींत नेमके त्यांचेच नाव नसते.

पाण्याने हा दगड कुठे किती कोरला, यावर धरणांचा आकारही ठरतो. याच दगडाच्या प्रदेशात पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आहे. कोयनेचे धरणही याच काळ्या पाषाणातले, साठाही जवळपास तेवढाच, शंभर टीएमसीच्या आसपास. पण सह्याद्रीत नदीने खोल दरी कोरली आहे. तिथे ८०७ मीटर लांबीची, १०३ मीटर उंचीची भिंत पुरली. गोदावरीचे खोरे इथे सपाट, रुंद. म्हणून जायकवाडीला सुमारे दहा किलोमीटरचा बांध घालावा लागला आणि पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरले, कोयनेच्या जवळपास तिप्पट. मराठवाड्याच्या उन्हाला एवढे उथळ ताट वाढल्यावर बाष्पीभवनाची तक्रार कोणाकडे करायची?