वरदेचा तीर आणि रशियाची नर्तकी

आम्हीं शाळेंत कित्येक वर्षें कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ शिकविलें. त्यांतील नायिका विदर्भाची राजकन्या, आणि त्यांतील वरदा तीच आमची वर्धा नदी. मालविकेच्या नृत्याचें विवरण आम्ही वर्गांत रसभरित करीत असूं. घरीं मात्र मुलीनें पायांत चाळ बांधण्याचें नांव काढतांच आम्हीं तिला दटाविलें. ही विसंगति उमगली ती अ‍ॅना पाव्हलोवा हिचें चरित्र वाचतांना.

तिचा जन्म १८८१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. आई लोकांचें धुणें धुवून पोट भरी. लहानपणीं एक नृत्यनाट्य पाहून अ‍ॅनानें नर्तकी होण्याचा ध्यास घेतला. १८९१ त राजाश्रयाच्या नृत्यशाळेंत प्रवेश मिळाला, आणि १८९९ पासून ती तेथील मारिन्स्की रंगभूमीवर नाचूं लागली. पुढें स्वतःचें पथक घेऊन ती जगभर हिंडली. हिंदुस्थानांतही दोनदां आली. १९२३ त तिनें लंडनच्या रंगभूमीवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील नृत्यनाट्य आणलें, आणि त्याच वर्षीं उदयशंकर तिच्यासह राधाकृष्णनृत्यांत उतरले. रुक्मिणीदेवींना पाश्चात्त्य नृत्याची ओढ लागली, तेव्हां हिनेंच त्यांना स्वदेशीच्या नृत्याकडे वळविलें. रुक्मिणीदेवींचें ‘कलाक्षेत्र’ १९३६ त मद्रासेस उभें राहिलें. पाव्हलोवा त्यापूर्वींच, १९३१ त, हेग येथें निवर्तली होती.

आपल्या घरचा ठेवा परकीनें ओळखला. आम्हीं तो केवळ परीक्षेपुरता शिकविला. मुलीचे ते दिवस आतां परत येणार नाहींत. परंतु नात नृत्य शिकूं लागली आहे, आणि तिचा ताल आम्ही स्वतः धरतों.